शाकाहारी खानावळीत मच्छीचा वास आणि अडीचशे रुपयांचा सायफन पाईप

आधी निकाल सांगून टाकतो. माशांच्या टाकीला वास येत असेल तर वासाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, तळाचा गाळ ओढून काढणारा सायफन पाईप घ्या. मी जळगावात २५० रुपयांना घेतला. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

माझी खानावळ आहे, शुद्ध शाकाहारी. शेवभाजी, वरणबट्टी, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी. गल्ल्याच्या बाजूला तीन फुटी टाकी, त्यात गोल्डफिश आणि एक सकर, म्हणजे शेवाळ चाटणारा मासा. जेवण येईपर्यंत लहान पोरं तिच्यापुढे गुंग होतात आणि आईबापांना निवांत ऑर्डर देता येते. टाकी ठेवण्याचं कारण एवढंच. पण शाकाहारी पाटी वाचून आत आलेल्या माणसाच्या नाकाला पहिल्यांदा मच्छी लागली तर तो काय समजेल? एका आजीबाईंनी पदर नाकाला लावून सरळ विचारलं, "दादा, मागे बोंबील तळतात का?" शेजारच्या टेबलावरचे चौघेही माझ्याकडे बघायला लागले. धंद्याच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नसते.

थंडीत हे कळत नाही. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात, त्या धुरापुढे दुसरा वास टिकतच नाही. खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये. बाहेर पारा ४४-४५ वर, टाकीतलं पाणी कोमट, आणि ऐन दुपारी लाईट गेली की फिल्टरही बंद आणि हवेचा पंपही बंद. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशाला जेमतेम ७. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात ते यामुळे. आणि खाली खडीच्या थरात, जिथे आधीच प्राणवायू पोचत नाही, तिथे त्याच्याविना जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. सडक्या अंड्याचा वास त्यांच्याच हायड्रोजन सल्फाइड वायूचा. खडीत काडी खुपसून बघा. बुडबुडे येऊन वास सुटला आणि खालची खडी काळी दिसली, तर रोग तळाशी आहे हे पक्कं.

सायफनच्या आधी महिन्याच्या ठेक्यावर टाकी धुऊन देणारा एक जण लावला होता. यायचा, मासे बादलीत काढायचा, सगळं पाणी ओतून द्यायचा, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा. संध्याकाळी टाकी अशी चकचकीत की बघत राहावं. दोन दिवसांत पाणी पांढरट, आठवड्यात एखादा मासा उलटा, आणि वास पहिल्यापेक्षा जोरात. विचारलं तर म्हणे, "तुमचं पाणी खराब आहे." पाणी खराब कसलं! आपल्या नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात, आणि माणसाच्या पोटाला ते चांगलंच आहे. पण माशांच्या लघवीतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया खाऊन संपवणारे जिवाणू त्याच स्पंजात आणि खडीत राहतात. नळाचं क्लोरीन त्यांना मारतं. पुन्हा त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि हा दर महिन्याला येऊन त्यांना पुसून टाकायचा. टाकी कायम पहिल्या दिवसावरच! स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळला की बास.

मग वासावरचे निळ्या बाटलीतले थेंब. त्याचा अनुभव दोन ओळींत: जाईजुईचा वास आला, त्याखालून अंडं आलं. बाटली मोरीत गेली.

कार्बनचं पाकीट मात्र बरं आहे. काळे दाणे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचे. पाण्याचा पिवळटपणा जातो, वासही बराच ओढून घेतो. पण तीन-चार आठवड्यांत दाणे भरतात, मग ते नुसते दगड. तिथेच ठेवून "चालू आहे" समजू नका. अमोनियावर त्याचा उपयोग नाही. आणि माशांना औषध घालणार असाल तर आधी कार्बन बाहेर काढा, नाहीतर औषध मासा नाही, कार्बनच पिईल. तळ घाण असताना नुसत्या कार्बनवर विसंबलात तर दर महिन्याला पाकीट आणत राहाल. दुकानदार खूश होईल, टाकी तशीच वास मारत राहील.

माझं नशीब, मला भेटलेला दुकानदार वेगळा निघाला. दुकानावर 'फिश अ‍ॅक्वेरियम' एवढीच पाटी, आत अंधार, आणि गल्ल्यावर बसलेले आप्पा. मी वासावरचे नवीन थेंब मागायला गेलो होतो. त्यांनी कपाटाकडे हातही नेला नाही. "खडी किती इंच? खाणं कोण टाकतं?" म्हटलं, कामावरची पोरं टाकतात, गिऱ्हाईकही टाकतं. आप्पा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, मासा उपाशी मरत नहीत, खाईसन मरतस." आणि थेंबांऐवजी हा पाईप पुढे केला. थेंबांची बाटली विकून जास्त सुटले असते त्यांना. माझ्या लेखी दुकानाला पाचपैकी पाच, अंधारासकट.

आता पाईप. एका टोकाला हाताच्या मनगटाएवढी जाड पारदर्शक नळी, मध्ये दाबायचा रबरी चेंडू, पुढे पाच फुटांची बारीक नळी. बादली टाकीच्या खाली ठेवायची, चेंडू चार-पाच वेळा दाबायचा, पाणी आपोआप वाहायला लागतं. तोंडाने ओढायची जुनी रीत असते, ती करू नका; आमच्या पोऱ्याने केली आणि दिवसभर चूळ भरत होता. जाड नळी खडीत तळापर्यंत खुपसायची. खडे आत उचलले जातात, गरगर फिरतात, आणि हलका गाळ त्यांच्यातून सुटून वर बारीक नळीत शिरतो. खडे जड, ते खाली पडतात. पहिल्या वेळी बादलीत आलं ते पाणी म्हणावं की काय कळेना: काळपट, त्यात कुजलेलं खाणं, माशांची विष्ठा, आणि, खोटं नाही सांगत, फुगलेली शेव.

शेवेवर थोडं बोलतोच. गिऱ्हाईक प्रेमाने टाकीत शेव टाकतं. गोल्डफिश तोंडात घेतो आणि थुंकतो. बेसन तळाशी जाऊन कुजतं, तेलाचा तवंग वर राहतो आणि हवा पाण्यात जायला अडवतो. मी काचेवर 'शेव माणसांसाठी आहे' अशी चिठ्ठी लावली, लोकांनी चिठ्ठीचे फोटो काढले आणि शेव टाकली. शेवटी झाकणाला कुलूप लावलं. खाणं आता दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढं, आणि ते मी स्वतः टाकतो.

पाईप एका वेळी अर्ध्याच तळावर फिरवा, उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात. सगळा गाळ एकदम ढवळला तर खाली कोंडलेला वायू माशांवरच उठतो. पाणीही चौथा हिस्साच काढायचं. नवीन पाणी, क्लोरीन उडून जावं म्हणून, आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवतो, किंवा घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब. काढलेलं पाणी कढीपत्त्याला. त्यात नायट्रेट असतं, झाडाला खतच. आमचा कढीपत्ता यंदा भर उन्हाळ्यात फुटला.

दुसऱ्या खेपेनंतर अंड्याचा वास गेला. थोडा ओलसर, मातीचा वास राहिला होता, तो काचेवरच्या शेवाळाचा. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टाकीवर यायचं, तिथे जाड पडदा लावला.

सकरबद्दल एक सांगून ठेवतो. "सकर घ्या, तो घाण खातो" असं सांगून तो सर्रास विकतात. तो शेवाळ चाटतो खरा, पण दुसऱ्यांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःची भरपूर करतो, आणि वाढून फूटभराच्या वर जातो. आमचा एव्हाना वीतभर झालाय. मोठा झाला म्हणून मेहरूण तलावात नेऊन सोडू नका. बाहेरून आलेला मासा आहे, आपल्या पाण्यातल्या माशांची जागा खातो.

आता कापलेला तारा. चेंडूतली झडप हलक्या प्रतीची आहे, कधी पहिल्या दाबाला हवाच येते. नळी चेंडूवरून निसटते. एकदा ती भर जेवणाच्या वेळी निसटली आणि पाणी थेट पहिल्या टेबलाखाली गेलं. तारेची क्लिप पाकिटात दिलेली नाही, हार्डवेअरच्या दुकानातून दहा रुपयांची आणून आवळा. टाकीत वाळू असेल तर ही नळी वाळूही ओढून घेईल, तेव्हा ती वाळूत न खुपसता वरून बोटभर अंतरावर फिरवा. गप्पीसारखे बारीक मासे असतील तर तोंडाला जाळीचा तुकडा बांधा. आणि पाच फूट नळी कमी पडते. माझी टाकी उंच स्टँडवर आहे, बादली जमिनीवर ठेवली की नळी ताणली जाते आणि उडी मारून बाहेर येते. विकत घेतानाच त्याच मापाची आठ फूट साधी पारदर्शक नळी मीटरवर वेगळी कापून मागा. आप्पांकडे ती गल्ल्यामागे खिळ्याला लटकवलेली असते, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.