घोरण्यावर सीपॅप की तोंडातलं उपकरण?

सीपॅप मशीन नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. झोपेत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडकत वा उथळ होत असेल, तर पहिली पसंती त्यालाच. पण मध्यरात्री मास्क काढून उशाशी ठेवला, तर उपयोग शून्य!

तोंडातलं उपकरण दोन्ही दंतपंक्तींवर बसतं आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं. जीभही पुढे सरकते, मागची वाट मोकळी होते. आवाज नाही, वीज नाही, प्रवासात डबी खिशात मावते. मात्र सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण थोडी बदलू शकते. नुसतं घोरणं किंवा श्वास अडकण्याचा सौम्य त्रास असेल, तर मी हेच सुचवेन; पण आधी झोपेची तपासणी करा आणि उपकरण दंतवैद्याकडून मापानेच बनवून घ्या.