दोन मोसम वापरल्यानंतर: खिळ्यांनी भरलेल्या जुन्या घराच्या जागेवर मल्टी-फ्रिक्वेन्सी मेटल डिटेक्टर

गेल्या वसंतापासून हे मशीन माझ्याकडे आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा वापर एकाच ठिकाणी झाला आहे. मॅसेच्युसेट्समध्ये वूस्टर काउंटीतल्या एका खासगी जंगलात जुन्या शेतघराचं जोतं उरलं आहे, त्याच्या आसपास. समुद्रकिनाऱ्यावर अंगठ्या शोधायच्या असतील किंवा बागेत सुटी नाणी वेचायची असतील, तर हा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. पण माणसं कधीच उठून गेलेल्या घराच्या जागी, जिथे पावलागणिक मूठभर गंजके खिळे आहेत, तिथे मशीन कसं वागतं याबद्दल मला मराठीत काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. जाहिरातीत खोलीचे जे आकडे ठळक छापतात, त्यांना अशा जागी फार किंमत नाही. दोन खिळ्यांच्या मध्ये अडकलेलं पितळी बटण मशीनला वेगळं ऐकू येतं का, ते बघा आणि त्यावरच पैसे खर्च करा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सहाशे ते नऊशे डॉलरच्या गटातली आजची मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीनं या कामात एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की नावापेक्षा सेटिंग आणि कॉइल (दांड्याच्या टोकाला असलेली, जमिनीवरून फिरवायची तारेची चकती) यांनीच जास्त फरक पडतो.

जंगलात घर कुठून आलं, हा प्रश्न इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा भाग जंगल नव्हताच. बहुतेक डोंगरांवरची झाडं कापून कुरणं आणि शेतं केलेली होती. १८२५मध्ये ईरी कालवा सुरू झाला, पश्चिमेकडची सपाट काळी जमीन जवळ आली, तिथलं स्वस्त धान्य इकडच्या बाजारात उतरू लागलं. इकडे लॉवेलसारख्या गावांत कापडगिरण्यांत रोख मजुरी मिळत होती. दगडगोट्यांच्या या शेतांत राबण्यात कुणाला रस राहिला नाही. घरं एकेक करून रिकामी झाली, लाकडी भिंती कुजून गेल्या आणि झाडांनी सगळं परत घेतलं. मागे राहिले ते तळघराचे दगडी खड्डे, कोसळलेल्या चुलाण्याचे ढीग आणि रानात कुठेही न पोचणारे दगडी बांध. दारातलं लायलॅकचं झुडूप मात्र अजून मे महिन्यात फुलतं. पानगळीनंतर नुसतं झुडूप ओळखू आलं तरी घर जवळ आहे हे कळतं.

जागा शोधायला मशीन लागत नाही, नकाशे लागतात. हेन्री वॉलिंग यांनी १८५०च्या दशकात इथल्या काउंट्यांचे जे भिंतीवर लावायचे मोठे नकाशे केले, त्यांत प्रत्येक घराच्या जागी ठिपका आणि शेजारी मालकाचं नाव आहे. त्यानंतर १८७०चा बीअर्सचा ॲटलास. दोन्ही आता घरबसल्या बघता येतात. त्यावर लायडारचं, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीचे चढउतार मोजून केलेलं चित्र ठेवलं की झाडांखालचे बांध आणि तळघराचा चौकोन स्वच्छ दिसतो. माझ्या जागेवरचं घर वॉलिंगच्या नकाशात आहे, बीअर्सच्या ॲटलासात नाही. ही एवढी माहिती हातात असली की पुढे जमिनीतून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला काहीतरी विचारता येतं.

आता मशीन. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूच्या तुकड्यात त्यामुळे भोवरे-प्रवाह सुरू होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलकडे परत येतं. ते किती मागे पडून येतं त्यावरून मशीन धातूची जात ओळखतं, आकडा दाखवतं आणि आवाज काढतं. लोखंडाला खालचा, घोगरा सूर, तांब्या-चांदीला वरचा. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरल्याने छोटे आणि मोठे, दोन्ही प्रकारचे तुकडे एका फेरीत हाती लागतात, आणि या भागातल्या ग्रॅनाइटच्या गोट्यांवर मशीन उगाच बडबड करत नाही. हे दावे खरे निघाले.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. अमेरिकेचं पाच सेंटचं निकेल, सोन्याची लहान अंगठी आणि पेयाच्या डब्याची कडी, तिघांचे आकडे शेजारी-शेजारी पडतात. जुनी सपाट बटणं तर मिश्रधातू आणि आकार यांप्रमाणे अर्ध्या पट्टीवर पसरलेली असतात. शिवाय गंजलेलं मोठं सपाट लोखंड, बिजागरी, कुऱ्हाडीचं पातं, साखळीची कडी, हे सगळे चांदीसारखा वरचा सूर देतात. त्यावर उपाय एकच आहे. जागेवरच काटकोनात वळून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवायची. नाणं किंवा बटण दोन्हीकडून एकाच ठिकाणी, एकाच सुरात बोलतं. लोखंडाचा सूर तुटतो, आकडा उड्या मारतो आणि जागाही सरकते. हे कानाला कळायला मला जवळजवळ अख्खा पहिला मोसम लागला, आणि त्यासाठी लोखंडाचा आवाज पूर्ण बंद न करता बारीक करून चालू ठेवावा लागला. लोखंड गाळून टाकलं की शांतता मिळते, पण खिळ्याच्या आडोशाला असलेलं बटणही त्या शांततेत जातं.

रिकव्हरी स्पीड या सेटिंगवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. एक सिग्नल संपवून दुसरा ऐकायला मशीन किती लवकर तयार होतं, ते या सेटिंगने ठरतं. कंपनीने दिलेल्या मधल्या आकड्यावर जोत्याच्या पुढची बाजू म्हणजे नुसता खिळ्यांचा गोंगाट होता. वेग वाढवला, कॉइल अगदी सावकाश फिरवायला लागले, आणि त्याच पट्ट्यातून, जिथून मी कितीदा गेले होते तिथून, स्पॅनिश चांदीचा अर्धा रिआल आला. नखाएवढा, झिजून गुळगुळीत, पण मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण, म्हणजे एमवर बारीक ओ, भिंगातून वाचता येते. परदेशी चांदी अमेरिकेत १८५७पर्यंत कायदेशीर चलन होती, त्यामुळे न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या खिशात मेक्सिकोचं नाणं असणं अगदी साधी गोष्ट. वेग वाढवल्यावर थोडी खोली जाते हे खरं, पण इथल्या बहुतेक वस्तू वीतभर खोलीच्या आतच आहेत.

सोबत आलेली अकरा इंची कॉइल मोकळ्या कुरणात उत्तम. जोत्याजवळ ती एका वेळी इतके खिळे झाकते की काही उमगत नाही. सहा इंची कॉइल वेगळी घेतली आणि मग मशीनचा खरा उपयोग सुरू झाला. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, महागड्या हेडफोनचे पैसे वाचवा आणि ते छोट्या कॉइलवर घाला. हातात धरायचा पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर, तर हवाच. त्याच्याशिवाय मुळांच्या जाळ्यात वस्तू शोधताना फावड्याचा घाव नेमका तिच्यावरच बसायचा.

काय काय मिळालं? सर्वांत जास्त, खिळे. आणि मला ते फार महत्त्वाचे वाटतात. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता असतो. १७९०च्या दशकापासून यंत्रात पत्र्यातून कापलेले खिळे आले, ते दोनच बाजूंनी निमुळते. तारेचे गोल खिळे सर्रास वापरात आले ते १८९०च्या सुमाराला. या जोत्यावर पहिल्या दोन जाती भरपूर आहेत, तिसरी नाही. नाण्यांचंही तसंच. तांब्याचे मोठे सेंट आहेत, जे १७९३ ते १८५७ या काळात पाडले जात. त्यानंतर १८५९पासून आलेला इंडियन हेड सेंट एकही नाही. म्हणजे नकाशा जे सांगतो, तेच खिळे आणि नाणी सांगतात. घर १८६०च्या आसपास रिकामं झालं.

इथली माती आम्ल आहे, त्यामुळे तांब्याची नाणी खवले पडून येतात. घासू नका. पाण्यात ठेवून बांबूच्या काडीने माती सुटेल तेवढी सोडवा आणि थांबा. ब्रशने तारीख उजळत नाही, निघून जाते.

गोठ्याच्या बाजूला जे मिळालं त्याने मला सर्वांत आनंद झाला. स्वल्पविरामाच्या आकाराचा, भोकं पाडलेला लोखंडी तुकडा. इथले अनुभवी लोकसुद्धा नवीन असताना याला मोडलेला घोड्याचा नाल समजतात. मला हातात घेताक्षणी कळलं, ही बैलाची पत्री. आमच्या सांगलीकडे बाजाराच्या दिवशी बैल आडवा पाडून पत्र्या मारताना लहानपणी शंभरदा बघितलं आहे. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. त्याच पट्ट्यात पुढे एक पोकळ पितळी गोळा मिळाला. तो शिंगाच्या टोकावर बसवायचा. बेंदराला आपण शिंगांना शेंब्या चढवतो, तीच वस्तू. इथे ती बैलांनी माणसाला किंवा एकमेकांना शिंग लावू नये म्हणूनही घालत. या डोंगरांतले सगळे दगडी बांध बैलांनी ओढलेल्या दगडांचे आहेत, आणि त्या जोडीतल्या एकाची पत्री माझ्या हातात होती. गोठ्यापासून रस्त्याच्या दिशेला घुंगरांचे फुटके अर्धे भागही आले, बर्फातल्या गाडीच्या घोड्यांचे.

दाराच्या पुढे आणि विहिरीच्या वाटेवर बटणं. मागच्या बाजूला सोनेरी मुलामा दिल्याचे शब्द किंवा लंडनचं नाव कोरलेली, कारण बरीचशी बटणं इंग्लंडहून यायची. एक अंगुस्तान, जस्ती-शिशाच्या रंगाच्या चमच्याचे तुकडे, शिशाच्या गोळ्या. प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते मी जोत्याच्या कोपऱ्यापासून टेपने मोजून वहीत लिहिते. मोबाइलचा जीपीएस दाट झाडीत काही मीटर चुकतो, त्यामुळे टेप बरा. जागा न लिहिता घरी नेलेलं बटण म्हणजे फक्त एक जुनं बटण. जागेसकट असेल तर दार कुठे होतं, कपडे कुठे वाळत असत, गुरं कोणत्या बाजूने बाहेर पडत, हे त्यातून उलगडतं. तळघराच्या आत मात्र मी खणत नाही. तिथले थर एकदा विस्कटले की नंतर येणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला काही उरत नाही.

जमिनीच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आमचं कागदावर ठरलं आहे: आधी त्यांनी हवं ते ठेवायचं, बाकीचं आणि वहीची प्रत गावच्या इतिहास मंडळाला. त्यांनी पत्री ठेवून घेतली. त्यांच्या वडिलांकडे बैल होते.

परवानगीशिवाय इथे काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय उद्यानांत मशीन नेणंच गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावशेषांना १९७९च्या कायद्याचं संरक्षण आहे. इथल्याच मॅसेच्युसेट्समधल्या क्वाबिन जलाशयासाठी १९३८मध्ये डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं उठवली गेली. तिथेही अशी जोती आहेत. मी तिथे फिरायला जाते, मशीन घरी ठेवून.

गावाकडच्या भावंडांनी विचारलं, आपल्या पडक्या गढीत हे चालेल का. चालणार नाही. भारतात १८७८चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांना १९५८चा आणि पुरावस्तूंच्या व्यवहाराला १९७२चा कायदा आहे. गडावर मशीन घेऊन जाणं हा छंद होऊ शकत नाही. पावसाने उघडी पडलेली शिवराई दिसली तर तिची जागा टिपून पुरातत्त्व खात्याला कळवा, एवढंच काम आपलं.

मशीनच्या तक्रारी. दांड्याचा सांधा काही महिन्यांत ढिला झाला आणि कॉइल हलायला लागली. रबराची चकती बसवून ते थांबवलं, पण या किमतीत हे मला पटत नाही. बॅटरी आत बंद आहे, दिवसभर पुरते, पण थंडीत लवकर उतरते आणि रानात बदलता येत नाही. दीड किलोच्या आसपास वजन वाचायला कमी वाटतं. तीन-चार तासांनी खांदा भरून येतो, छातीवरचा पट्टा लावला तर बराच आराम मिळतो. पाण्यात चालतं म्हणतात. ओढ्यात कॉइल बुडवली आहे, स्क्रीन नाही.

इथल्या वाचकांसाठी तीन गोष्टी, ज्या मशीनच्या पुस्तिकेत नसतात. हरणांवरच्या गोचिडींमुळे लाइम हा आजार होतो, त्याचं नावच शेजारच्या कनेटिकटमधल्या गावावरून आलं आहे. पँटचे पाय मोज्यांत खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून ठेवा, घरी आल्यावर अंग तपासा. आणि जोत्याजवळ विहीर असतेच. ती पालापाचोळ्याखाली कुजक्या फळ्यांनी झाकलेली असू शकते, तेव्हा पहिल्या फेरीत काठीने जमीन ठोकत चाला. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम असतो, तेव्हा नारिंगी जाकीट घाला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यापासून झुडपं माजेपर्यंत आणि नंतर पानगळीपासून जमीन गोठेपर्यंत, एवढाच काळ हाताशी असतो. नवीन घेणार असाल तर मशीन, सहा इंची कॉइल आणि पिनपॉइंटर एकदमच घ्या, आणि ते थंडीत घ्या. बर्फ असेपर्यंत अंगणात खिळ्यांच्या डब्याशेजारी एक नाणं ठेवून कान तयार करता येतो.