रेम्ब्रँटच्या आत्मचित्राची प्रतिकृती: एका ऑनलाइन वर्गाचा अनुभव

डच चित्रकार रेम्ब्रँटने १६५९ साली रंगवलेले आणि आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये असलेले आत्मचित्र समोर ठेवून तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. पहिले दोन आठवडे शिक्षकांनी केवळ पातळ केलेल्या अंबरने (मातीच्या गडद तपकिरी रंगाने) उजेड आणि सावलीची तपकिरी मांडणी करून घेतली; ही शिस्त मला फार मोलाची वाटली. पुढेही पॅलेटवर पांढरा, पिवळा ऑकर (मातकट पिवळा), मातकट लाल, अंबर आणि काळा एवढेच रंग होते. काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातला साधा करडा रंग डोळ्यांखालच्या सैल त्वचेत उबदार रंगांशेजारी लावला, की तो निळसर दिसू लागतो, हे स्वतःच्या हाताने अनुभवताना मी अक्षरशः थक्क झाले. कपाळावरचा दाट उजेड देताना ब्रश एकदाच टेकवून उचलायचा, पुन्हा फिरवायचा नाही, ही सवय लागायला मात्र तीन बैठका गेल्या.

वर्गासोबत आलेले छापील चित्र इतके काळपट होते की अंगरख्याच्या घड्याच दिसत नव्हत्या. अखेर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील मोफत प्रतिमा उतरवून घेतली. शिवाय प्रत्येक वरच्या थरात तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे, अन्यथा पुढे तडे जाण्याचा धोका असतो, हा मूलभूत नियम पाचव्या आठवड्यात सांगणे मला गैर वाटते. रेखाटनाचा सराव असलेल्यांनी हा वर्ग अवश्य करावा.