आयईसी नोंदणी: पाचशे रुपयांचा दहा अक्षरी नंबर आणि त्यामागचे नरसिंह राव

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत चार मशीन टाकून कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्याला परदेशातून पहिली ऑर्डर आली, की सगळ्यात आधी आयईसी लागतो. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या पोर्टलवर तो निघतो. फी ५०० रुपये. कागद हाताशी असतील तर अर्ज तासाभरात भरून होतो आणि नंबर बहुतेक वेळा त्याच दिवशी मेलवर येतो. सरकारी काम इतकं सरळ असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि त्या अविश्वासावर एजंटांचं दुकान चालतं.

नोंदणीला पाचपैकी साडेचार गुण. नोंदणीनंतर जे सुरू होतं त्याला तीनच.

आधी नोंदणीचं बघू. पोर्टलवर ‘आयातदार/निर्यातदार’ म्हणून खातं उघडायचं, मोबाईल आणि मेल दोन्हीवर ओटीपी येतो. इथे पहिली चूक होते: एजंट स्वतःचा नंबर टाकतो. पुढे पत्ता बदलायचा किंवा कोड अद्ययावत करायचा म्हटलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही त्याच्या दारात. नंबर आणि मेल फर्मचाच द्या, कामाला येणाऱ्या पोरासोरांचाही नको. मग पॅन, पॅनवरची जन्मतारीख किंवा कंपनी स्थापनेची तारीख, पत्त्याचा पुरावा, छापील नावाचा रद्द केलेला चेक किंवा बँकेचा दाखला एवढं भरायचं. शेवटी आधार ई-साइन किंवा डिजिटल सहीने अर्ज दाखल करून फी भरायची. नावं सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर दिसतात आणि कित्येक पट पैसे घेतात, त्यामुळे पत्ता नीट बघून उघडा.

अडतं ते बहुधा नावाशी. सीमाभागात एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं: कन्नड शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरं आधी, पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव मधे, बँकेत आणखी तिसरंच. पोर्टल पॅनशी पडताळतं. म्हणून सगळं पॅनप्रमाणे लिहा. पॅनच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. गावाच्या नावाचंही तेच. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ झालं, पण जुन्या चेकबुकांवर आणि करारांवर जुनंच नाव राहिलं. जीएसटी, बँक आणि आयईसी या तिन्हींत पत्ता एकसारखा ठेवला तर पुढे कस्टम्सचे प्रश्न कमी येतात. शेड भाड्याचं असेल आणि हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल मालकाच्या नावावर असेल, तर मालकाचं ना-हरकत पत्र आणि बिल एकाच पीडीएफमध्ये जोडावं लागतं. दोन वेगळ्या फायली टाकून चालत नाही.

कोड म्हणजे पॅनच, त्यामुळे एका पॅनला एकच आयईसी. इथल्या घरच्या वर्कशॉपना हे नीट समजलं पाहिजे. प्रोप्रायटरशिपमध्ये कोड मालकाच्या पॅनवर असतो. वडिलांनंतर मुलगा त्याच पाटीखाली धंदा चालवतो तेव्हा पाटी तीच राहते, कोड मात्र नवा लागतो. प्रायव्हेट लिमिटेड केली तरी तसंच. जुन्या कोडावर भांडवली यंत्राची सवलत घेतलेली असेल, तर तिची जबाबदारी जुन्या नावावर राहते. रूपांतर करायच्या आधी सीएला हे विचारा, नंतर नव्हे.

हा नंबर आज पाचशे रुपयांत मिळतो तो ज्या कायद्याने, त्याची गोष्ट इथे यायलाच हवी. स्वातंत्र्यानंतर चाळीसेक वर्षं ज्या कायद्याखाली माल आत-बाहेर गेला तो १९४७ चा ‘आयात व निर्यात नियंत्रण’ कायदा. यंत्र किंवा सुटा भाग बाहेरून आणायचा तर तो कोणत्या यादीत बसतो ते बघायचं, तांत्रिक विकास महासंचालनालयाकडून ‘असा माल देशात मिळत नाही’ अशी खात्री घ्यायची, मग परवान्याची वाट बघायची. १९९२ मध्ये त्या जागी ‘विदेश व्यापार विकास व नियमन’ कायदा आला आणि आयईसीची सक्ती त्याच्या कलम ७ मध्ये आहे. ‘नियंत्रण’ जाऊन ‘विकास’ आला. असा शब्दबदल सरकार सहसा नुसता कागदावर करतं. इथे तो कामातही झाला, आणि तेव्हा पंतप्रधान होते पामुलापर्ती वेंकट नरसिंह राव.

मराठी वाचकाला राव परके नसावेत. वारंगळच्या भागात २८ जून १९२१ ला जन्म. उस्मानियात वंदे मातरम् चळवळीपायी काढून टाकल्यावर शिक्षण नागपूर-पुण्याकडे. १९८४ आणि १९८९ ला रामटेकचे खासदार. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला. त्या शीर्षकाचा त्यांच्याच वाट्याला आलेला अर्थ मात्र कुणाच्या फारसा लक्षात येत नाही.

२१ जून १९९१ ला शपथ घेतली तेव्हा लोकसभेत बहुमत नव्हतं आणि तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन होतं. जुलैत सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला. त्याच आठवड्यात वाणिज्यमंत्री चिदंबरम यांनी निर्यातदारांची रोख भरपाई बंद केली. तिच्या बदल्यात निर्यातीच्या ३० टक्क्यांइतकी एक्झिम स्क्रिप (आयातीचा हक्क देणारा कागद) दिली, जी बाजारात विकता येई. १९९२ च्या मार्चमध्ये डॉलरचे ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारदराने वटवण्याची सोय झाली, वर्षभराने सगळेच बाजारदराने. आज उद्यमबागेतल्या बँकेत डॉलर आले की त्या दिवशीच्या भावाने रुपये जमा होतात. या साध्या गोष्टीच्या मागे हे पावणेदोन वर्षांचे टप्पे आहेत.

श्रेय सहसा मनमोहन सिंगांना जातं, आणि ते खोटं नाही. पण २४ जुलै १९९१ चा दिवस बारकाईने बघा. त्या दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या काही तास आधी उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी नवं औद्योगिक धोरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांची परवान्याची सक्ती त्याने एका फटक्यात रद्द केली, सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आणले, ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला आपोआप मंजुरी दिली. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. एवढी मोठी गोष्ट राज्यमंत्र्याच्या हातून, फारसा गाजावाजा न होता मांडली गेली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं अर्थसंकल्पाने भरली. याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. बहुमत नसलेल्या माणसाची ती हुशारी होती, असं मानणं जास्त पटतं. आयात शुल्काची कमाल पातळीही एकदम न पाडता १५० टक्क्यांवरून १९९५ पर्यंत ५० वर आणली. कारखानदाराला सावरायला वेळ मिळाला.

पण सगळंच त्यांच्या नावावर टाकू नये. उद्यमबागेत सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घेताना वापरली जाणारी ईपीसीजी, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्राच्या आयात शुल्कात सवलत देणारी योजना, १९९० ची, म्हणजे त्यांच्या आधीची. आज तिच्यात शून्य शुल्कावर यंत्र येतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत करावी लागते, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. त्याशिवाय आधीच्या निर्यातीची सरासरीही टिकवावी लागते. हे न कळता यंत्र घेणाऱ्याला शेवटी शुल्क व्याजासकट भरावं लागतं. वीस लाखांचं शुल्क वाचलं म्हणजे एक कोटी वीस लाखांची निर्यात डोक्यावर बसली, असा सरळ हिशोब करूनच सही करा. मंदीत फाउंड्रीची ऑर्डर निम्म्यावर येते, हेही त्यात धरा.

आता साडेचारवरून तीनवर का आलं ते. आयईसी मिळाला म्हणजे माल निघाला, असं नाही. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलन हाताळणाऱ्या बँकशाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन तो आयसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदवावा लागतो. माल न्हावा शेव्यातून जाणार की गोव्यातून, ते ठरवून त्या बंदरासाठी नोंद दिसते का, हे गाडी भरण्याआधी बघा. कंटेनर बंदरात आणि एडी कोड अडलेला, असं झालं की भाडं चढत राहतं. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं भरावं लागतं. जुनं ३१ मार्चला संपतं आणि एप्रिलच्या पहिल्या बिलावर ते हमखास विसरलं जातं. आरओडीटीईपीचा, म्हणजे निर्यातमालावर आधी बसलेल्या करांचा, परतावा हवा असेल तर शिपिंग बिलात प्रत्येक मालासमोर तसं नोंदवावं लागतं. कस्टम हाउस एजंटने ‘नाही’ टाकलं तर नंतर रडून उपयोग नाही, म्हणून चेकलिस्ट मेलवर मागवा आणि स्वतः वाचा. एचएस कोडही (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) तुम्हीच ठरवा: नुसतं ओतीव लोखंडी कास्टिंग ७३२५ मध्ये, पूर्ण पंप ८४१३ मध्ये. अर्धवट मशीनिंग केलेला पंपाचा भाग कुठे टाकायचा यावर वाद होतात, आणि परताव्याचा दर तिथेच बदलतो.

अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपलांच्या कारागिराला एवढा पसारा परवडत नाही. त्याच्यासाठी टपाल खात्याचं डाकघर निर्यात केंद्र बरं. आयईसी तिथेही लागतो, पण कागद कमी आणि कंटेनरची भानगड नाही. या चपलांना २०१९ ला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे.

साखरेच्या बाबतीत मात्र हा नंबर हातात असून नसल्यासारखा, आणि कांद्याच्या बाबतीतही २०२५ ला शुल्क उठेपर्यंत तसंच होतं. १९९१ च्या त्या १८ उद्योगांच्या यादीत साखर होती, आणि ऊसपट्ट्यातल्या या जिल्ह्याला परवानामुक्तीसाठी १९९८ पर्यंत थांबावं लागलं. दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतराची अट अजून आहेच. जून २०२२ पासून साखरेची निर्यात परवानगीशिवाय होत नाही, सरकार कोटा वाटतं. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ ला बंद झाली, ४ मे २०२४ ला उघडली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरच्या किमान भावासह. शेतीपर्यंत रावांच्या सुधारणा पोचल्याच नाहीत, हा त्यांच्यावरचा खरा आक्षेप. बाबरी मशीद त्यांच्या कारकिर्दीत पडली आणि १९९३ च्या अविश्वास ठरावातल्या लाचप्रकरणी त्यांना २००० मध्ये शिक्षाही झाली, जी उच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केली. २३ डिसेंबर २००४ ला ते गेले तेव्हा पार्थिव दिल्लीतल्या पक्ष मुख्यालयाच्या आत नेलं गेलं नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. भारतरत्न २०२४ मध्ये जाहीर झालं.

एक काम मात्र दर वर्षी करावं लागतं. २०२१ पासून प्रत्येक आयईसी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर अद्ययावत करणं सक्तीचं आहे, काही बदललं नसलं तरी. लॉगिन करायचं, सगळी माहिती नजरेखालून घालायची, ई-साइनने दाखल करायचं. या तीन महिन्यांत फी नाही. चुकलं तर कोड निष्क्रिय होतो आणि शिपिंग बिल अडतं. अद्ययावत केल्यावर तो पुन्हा चालू होतो, पण तोवर गाडी कागलच्या पुढे गेलेली असू शकते. ३० जूनला पोर्टलवर गर्दी असते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वर्कशॉपच्या कॅलेंडरवर २८ जूनवर खूण करा. तारीख लक्षात राहायला रावांचा वाढदिवस पुरे.