कॉइलला दीडची, इंजेक्टरला पाऊणची

"कॉइल काय, इंजेक्टर काय, दोघांनाही बारा व्होल्टच जातात ना, मग एकाच बंडलातली वायर ओढ." गॅरेजमध्ये हा सल्ला सर्रास मिळतो, आणि मीही तो एकदा ऐकला. (कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी, इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा.) चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरिंगचं जाळं, नव्याने बांधताना सगळीकडे 0.5 चौरस मिमीची वायर घातली. गावात गाडी मस्त चालायची. कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला की अडखळायची. प्लग बदलून काही फरक नाही. कॉइलची सप्लाय आणि अर्थ जाड केली तेव्हा थांबली. इंजेक्टरच्या वायरी मात्र आजही त्याच आहेत.

कारण हिशोबात आहे. हाय इम्पिडन्स, म्हणजे जास्त रोधाच्या, इंजेक्टरचा रोध 12 ते 16 ओहम, करंट जेमतेम एक अँपिअर. प्लगवरच बसणाऱ्या पेन्सिल कॉइलची प्रायमरी, म्हणजे बारा व्होल्टकडची गुंडाळी, अर्ध्या-पाऊण ओहमची. चार्ज होता होता करंट सात-आठ अँपिअरवर चढतो. 0.5 ची तांब्याची वायर मीटरला साधारण 0.037 ओहम, जाऊन-येऊन चार मीटर धरली तर 0.15 ओहम. चौदा ओहमच्या इंजेक्टरपुढे ही दर्यात खसखस. 0.6 ओहमच्या कॉइलमध्ये मात्र थेट पाव हिश्शाची भर, आणि आठ अँपिअरला 1.2 व्होल्ट वाटेतच गडप. दीडची (1.5 चौरस मिमी) वायर घातली की तीच घट 0.4 व्होल्टवर येते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि नेमकी तिथे ही तूट उघडी पडते.

"वायर गरम होत नाही, म्हणजे पुरते" हा कॉइलच्या बाबतीत चकवा आहे. 6000 आरपीएमला प्रत्येक कॉइल 20 मिलिसेकंदांत एकदा, तीनेक मिलिसेकंद चालू असते. सरासरी करंट किरकोळ, त्यामुळे वायर थंडच राहते. मल्टिमीटरही सरासरीच दाखवतो, म्हणून तोही काही बोलत नाही.

मग घ्यायचं काय? रिलेपासून कॉइलपर्यंत 1.5 आणि 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून एकेका कॉइलला जाणाऱ्या शेवटच्या वीतभर फाट्यांना 1.0 चालते. अर्थही दीडचीच, सरळ इंजिनच्या हेडवर. कॉइलमध्येच ड्रायव्हर (करंट चालू-बंद करणारं सर्किट) असेल तर त्याला इशारा देणाऱ्या ट्रिगरच्या वायरीला 0.5 भरपूर, तिच्यातून मिलिअँपिअरच जातात.

इंजेक्टरच्या चौघांच्या सामाईक सप्लायला 1.0, फाट्यांना विजेच्या हिशोबाने 0.5 पुरते. तरी नवीन बांधायचं तर मी पाऊणची (0.75) घेतो, कारण इंजिनच्या थरथरीत क्रिंपपाशी, म्हणजे टर्मिनल दाबून बसवतात तिथे, बारीक वायर आधी तुटते. इथे "जाड ती चांगली" म्हणून दीड घालू नका: कनेक्टरचं रबरी सील तिच्यावर चढत नाही आणि ताठ वायर टर्मिनलला ओढत राहते. दोन-तीन ओहमचे लो इम्पिडन्स इंजेक्टर असतील तर फाट्यांनाही 1.0 घ्या.

दुकानात "18 नंबर" मागू नका. वायरच्या जाडीची नंबरवारी दोन प्रकारची: अमेरिकन एडब्ल्यूजीची 18 म्हणजे 0.82 चौरस मिमी, ब्रिटिश एसडब्ल्यूजीची 18 म्हणजे 1.17. त्यापेक्षा तारा सांगा: 24/0.2 (0.2 मिमीच्या 24 तारा) म्हणजे पाऊण, 30/0.25 म्हणजे दीड. घरगुती पीव्हीसी वायर 70 अंशांची असते. इंजिनपाशी किमान 105 ची लागते. आणि पैसे देण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, मग वरचे सगळे आकडे विसरा.