छातीवर ओळ की खिशावर लोगो?

पुणेरी पाटी छातीवर आली की टी-शर्ट बोलायला लागतो. समोरच्याने वाचायचं, हसायचं किंवा तोंड वाकडं करायचं. लोगो फक्त ‘हा कुणाचा’ एवढं सांगतो. हिंजवडीतली नोकरी सुटली की कंपनीचा शर्ट गाडी पुसायला जातो. गणेश मंडळाचा मात्र जपला जातो, पाठीवर साल छापलेलं असतं ना!

ओळ हवी असेल तर सहा-सात शब्द पुरेत. फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदलून द्या. नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, ‘मिळेल’ची वेलांटी ‘म’च्या नंतर जाऊन बसते आणि लोक विनोद सोडून शुद्धलेखनाच्या चुका काढतात. कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) सुती. प्लास्टिसोल, म्हणजे उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची शाई, साधारण १६० अंश सेल्सिअसला पुरती भाजली गेली नाही, तर काही धुण्यांतच तडे जातात. उलटा करून धुवा, छपाईवर इस्त्री नको.

लोगोला भरतकाम टिकतं, पण पातळ कापड चुण्या धरतं. २२० जीएसएमचा कॉलरवाला घ्या, आतून बॅकिंग, म्हणजे आधाराचा थर, लावायला सांगा. तीन इंच रुंदी बास.

रोज घालायला लोगोच बरा. ओळीतला विनोद तिसऱ्या दिवशी शिळा होतो.