टेन्शनर पुलीची खरखर: घरी बदलावी की गॅरेजला द्यावी?

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनमो), एसी वगैरे फिरवणारा इंजिनाबाहेरचा बेल्ट ताणून धरणारं चाक म्हणजे टेन्शनर पुली. बॉनेटखालून खरखर यायला लागली की ठाण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. सोसायटीतला कुणीतरी म्हणतो, "अहो, पुलीच आहे, घरी बदला, एका बोल्टचं काम." गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, टेन्शनर, बेल्ट, सगळंच टाकून घ्या." आवाज नीट ऐकलेला दोघांनीही नसतो. माझ्या मते तपासणी प्रत्येकाने घरीच करावी. बदलण्याचं काम घरी होईल की नाही, ते तुमची गाडी आणि तुमचं पार्किंग ठरवतं.

आधी आवाज ओळखा. सकाळी गाडी चालू करताना किंवा एसी लावताना बेल्ट किंचाळतो आणि मिनिटभरात गप्प होतो, तर तो बहुधा घसरतोय. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे सर्रास होतं. चिमणीसारखी ठेक्यात चिकचिक येत असेल तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. इंजिन गरम झालं तरी न थांबणारी आणि रेस दिली की चढणारी कोरडी घरघर असेल, तर पुलीच्या आतल्या बेअरिंगवर संशय घ्या.

फवारणीच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी मारून बघा. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर पुली वाकडी बसलीय. वाढला तर ताण कमी पडतोय. काहीच फरक नाही तर पुढची तपासणी बेअरिंगची. इंजिन चालू असताना हात, ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. आणि बेल्टला साबण, खोबरेल तेल किंवा स्प्रे लावायचा उपाय कुणी सुचवला तर मान डोलवा आणि करू नका. आवाज दबतो, बेल्ट खराब होतो आणि खरा दोष तसाच राहतो.

खात्री करायची तर बेल्ट काढावाच लागतो. इंजिन थंड, किल्ली खिशात, आणि आधी बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाइलवर फोटो. टेन्शनरचा दांडा लांब पान्याने फिरवला की ताण सुटतो आणि बेल्ट एका पुलीवरून सरकतो. आता एकेक पुली बोटाने फिरवा. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण भिंगरीसारखी फिरत राहणारी पुलीच त्यांना चांगली वाटते. प्रत्यक्षात आत ग्रीस शाबूत असलेली पुली जराशी जड फिरते आणि लवकर थांबते. ग्रीस सुकलेली मात्र कोरडा आवाज करत फिरतच राहते, नाहीतर बोटाला खरबरीत लागते. मग पुली दोन्ही कडांनी धरून हलवा. लटलटली तर ती गेली. आयडलर (बेल्टला नुसती दिशा देणारी पुली), अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची पुलीही अशीच बघून घ्या. पुष्कळदा नवीन टेन्शनर बसतो आणि घरघर मात्र अल्टरनेटरमधूनच येत असते.

आता घर की गॅरेज? टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या बेल्टचा, टेन्शनर असेल तर हा प्रश्नच नाही. जुनी सँट्रो, डिझेल डस्टर अशा गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो आणि त्याचा टेन्शनर कव्हरच्या आत असतो. तिथे एखादा दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. ते काम मेकॅनिकचंच. मारुतीच्या के-सीरीज इंजिनात टायमिंगला चेन असते, त्यामुळे बाहेरच्या बेल्टचं काम तुलनेने निर्धास्तपणे करता येतं. मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत आपोआप ताण धरणारा टेन्शनर नसतोच, अल्टरनेटर सरकवून बेल्ट ताणतात. तिथे आवाज आला तर आधी तो ताणच बघा.

बाहेरचा बेल्ट असला तरी जागा हवी. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत बेल्टपर्यंत पोचायला पुढचं चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं अस्तर काढावं लागतं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असेल तर तिथे हे जमणार नाही, आणि जमत असलं तरी करू नका. पोडियमवर खांबाला चिकटलेल्या जागेतही पाना फिरायला वाव नसतो. सपाट स्टिल्टची जागा, जॅकसोबत स्टँड, गोटी पान्यांचा संच आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरल्या जोरानेच आवळणारा) असेल तर घरी काम करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. काही पुल्यांचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, त्यामुळे जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा.

खर्चातला खरा फरक मजुरीपेक्षा काय बदलता यात आहे. पत्र्याच्या पुलीतलं बेअरिंग दाबून काढता येतं. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो; ६२०३ हे त्यातलं नेहमीचं माप, म्हणजे आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४० आणि जाडी १२. मुंबईत मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर असं बेअरिंग सहज मिळतं आणि वागळे इस्टेटमध्ये प्रेसवर बसवून देणारं वर्कशॉप शोधावं लागत नाही. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग मात्र लवकरच पुन्हा बोलायला लागतं. प्लास्टिकची पुली असेल तर बेअरिंगच्या नादी न लागता पुलीच नवी घ्या.

पण इंजिन चालू असताना टेन्शनरचा दांडा जोरात थरथरत असेल, किंवा ताण सोडताना मध्येच अडकत असेल, तर स्प्रिंग आणि डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) थकलेत. मग नवीन पुली टाकणं म्हणजे पैसे वाया. अख्खा टेन्शनरच घ्या, तो महाग पडला तरी. मी तरी जास्त चाललेल्या गाडीत अख्ख्याच्याच बाजूने कौल देईन, कारण मेहनत तेवढीच आणि पुढच्या पावसाळ्यात परत चाक काढायला नको. बेल्टला चिरा असतील किंवा रेघा झिजून सपाट झाल्या असतील तर तोही त्याच वेळी. नव्या जातीचे बेल्ट चिरा न पडताही झिजतात, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा: ६पीके१७५० म्हणजे सहा रेघा आणि १७५० मिमी लांबी.

गॅरेजला दिलीत तर बिल भरण्याआधी एसी लावून, रेस देऊन ऐका, आणि काढलेली पुली परत मागा. ती बोटाने फिरवल्यावर मऊ आणि बिनआवाजी निघाली, तर गाडी तिथून हलवण्याआधी विचारा की मग आवाज नक्की कशाचा होता.